कॉफीसाठी आलेला ढालकिडा आणि आपल्या गॅलरीतली जास्वंद



कात्रज म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं? पेशव्यांच्या काळातला तलाव, तिथून शहरातल्या हौदांपर्यंत नेलेलं पाणी, प्राणिसंग्रहालय, दुधाची डेअरी, घाट, आणि घाटाआधीचा ट्रॅफिक. कॉफीचा मळा काही आठवत नाही. मग आज इथे बसून कॉफीच्या मळ्यांवरच्या किडींचा इतिहास कशाला ऐकायचा, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल.

त्यासाठी आधी आपल्या गॅलरीत डोकावू. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे कुंडीत जास्वंद असेल. उन्हाळा आला की तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो, पानं आखडतात, कळ्या गळतात, खाली फरशीवर चिकटा पडतो आणि मुंग्यांची रांग लागते. हा पिठ्या ढेकूण. इंग्रजीत मिलीबग, आणि आता आपणही सर्रास तेच म्हणतो. त्यातला गुलाबी पिठ्या ढेकूण, शास्त्रीय नाव मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस, हा जास्वंदीवर येतो, तसाच नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत येतो आणि घाटापलीकडे पुरंदरच्या सीताफळांवरही येतो. द्राक्षाच्या घडात किंवा सीताफळाच्या डोळ्यांमध्ये हा शिरला, की फळ आतून कितीही गोड असो, बाजारात त्याला कुणी हात लावत नाही.

या पिठ्या ढेकणाला खाणारा एक ढालकिडा आहे. क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझिअरी. आपल्याकडचे बागायतदार त्याला नुसतं ‘क्रिप्टो’ म्हणतात. काळसर पाठ, डोकं आणि मागचं टोक तांबूस-नारिंगी, आकाराने मसूरडाळीच्या दाण्याएवढा. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो आणला गेला १८९८ साली, दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांसाठी. आणि गंमत अशी, की ज्या कामासाठी आणला ते काम त्याला जमलं नाही.

पहिल्या कामात नापास झालेला हा पाहुणा दुसऱ्या कामात पहिल्या नंबराने पास कसा झाला, एवढाच आजचा आपला विषय. पण त्याच्या उत्तरात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आजच्या शेतकऱ्याच्या फवारणीचा हिशेबही आहे.

कल्पना कुठून आली

किडीला किडीने मारायचं, ही कल्पना तशी जुनीच. चीनमधले शेतकरी कित्येक शतकांपूर्वी संत्र्या-मोसंब्यांच्या झाडांवर मुंग्यांची घरटी आणून बांधत असत. पण दूर देशातून मुद्दाम एखादा कीटक आणायचा, तो सोडायचा आणि कीड आटोक्यात आणायची, याचं जगभर गाजलेलं पहिलं उदाहरण कॅलिफोर्नियाचं.

तिथल्या संत्र्यांच्या बागांवर ऑस्ट्रेलियातून एक खवले कीड आली होती, इसेरिया परचेसी. बागा उपटून टाकायची वेळ आली. चार्ल्स रायली हे अमेरिकी सरकारचे कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी विचार केला, की ही कीड तिच्या मायदेशात एवढा धुमाकूळ का घालत नाही? तिथे तिला खाणारं कुणीतरी असणार. म्हणून १८८८ साली अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. कोबेलेंनी जे ढालकिडे पाठवले, त्यांची एकूण संख्या पाचशेच्या आसपास होती. एक झाड कापडी तंबूत झाकून त्यात ते सोडले. १८८९ संपेपर्यंत बागा वाचल्या होत्या. त्या ढालकिड्याचं नाव रोडोलिया कार्डिनॅलिस.

या यशाची बातमी जगभरच्या मळेवाल्यांपर्यंत पोचली, आणि सगळ्यांनाच वाटू लागलं, आपल्यालाही असाच एखादा ढालकिडा पाहिजे. कोबेले पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले आणि १८९१च्या सुमाराला त्यांनी आणखी एक ढालकिडा कॅलिफोर्नियात आणला. तोच आपला क्रिप्टो.

त्याच्याही आधीची एक चूक

कॉफीकडे जाण्याआधी जरा मागे जाऊ, कारण या विषयातली सर्वांत बोलकी चूक आपल्याच देशात झालेली आहे. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून हे नाव, असं आपण ऐकत आलो. ज्या फड्या निवडुंगाची कुंपणं आपल्या गावोगावी असत, तो मूळचा अमेरिका खंडातला. त्या निवडुंगावर तिकडे एक कीटक वाढतो, त्याला चिरडलं की लाल रंग मिळतो. मेक्सिकोतल्या त्या रंगावर स्पेनने बक्कळ पैसा केला. ईस्ट इंडिया कंपनीलाही तो धंदा हवा होता.

१७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या एका अधिकाऱ्याने ब्राझीलहून येताना ते कीटक कलकत्त्याला आणले. कंपनी खूश. पण तो खरा रंगाचा कीटक नव्हताच, त्याचा भाऊबंद होता. रंग निघाला तो हलक्या प्रतीचा. निवडुंगाची एक जात मात्र या कीटकाने उत्तर हिंदुस्थानात साफ करून टाकली. ते पाहून १८३०च्या दशकात तोच कीटक दक्षिणेत मुद्दाम निवडुंग मारायला नेला. आता गंमत बघा. निवडुंगाच्या दुसऱ्या जातींना त्याने तोंडही लावलं नाही. त्या तशाच फोफावत राहिल्या. त्यांच्यासाठी वेगळ्या जातीचा कीटक श्रीलंकेतून आणावा लागला, आणि ते साल होतं १९२६. म्हणजे एका नावाच्या गोंधळातून सुटायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

रंगासाठी आणलेला कीटक तणनाशक ठरला. इथे कीटकाचं काहीच चुकलं नव्हतं. तो त्याला जे खायचं तेच खात होता. ओळखायला आपण चुकलो होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

१८९८, कॉफीचा मळा

कॉफी भारतात कशी आली याची कथा आपल्याला माहीत असते. बाबा बुडन नावाच्या सत्पुरुषाने येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कूर्ग, वायनाड, निलगिरी, पळणी अशा डोंगरांत मोठमोठे मळे केले. हजारो एकरांवर एकच पीक. आणि एकच पीक म्हटलं की किडीला पंगतच.

१८६९मध्ये श्रीलंकेत कॉफीच्या पानांवर तांबेरा आला आणि पुढच्या काही वर्षांत तिथली कॉफी संपत गेली, तिच्या जागी चहा आला. इकडच्या मळेवाल्यांनी हे डोळ्यांसमोर पाहिलं होतं. त्यामुळे कॉफीवर हिरवी खवले कीड वाढायला लागली तेव्हा ते घाबरले, यात नवल नाही. ही कीड, कॉकस व्हिरिडिस, पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेलगत आणि कोवळ्या फांद्यांवर चपटी चिकटून बसते. रस शोषते, चिकटा सोडते, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि पान श्वास घेईनासं होतं. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना असं काळं पडलेलं झाड चांगलं ओळखीचं आहे, ते त्याला कोळशी म्हणतात. तिथला कीटक वेगळा, पण कारभार तोच.

तेव्हा एच. ओ. न्यूपोर्ट यांनी जून १८९८मध्ये ऑस्ट्रेलियाहून क्रिप्टो मागवला. कॅलिफोर्नियाचं उदाहरण ताजं होतं. ढालकिडा खवले किडी खातो, आपल्याकडे खवले कीड आहे, मग आणा ढालकिडा. हिशेब सरळ वाटत होता.

पण हिरव्या खवले किडीवर त्याचा काही उपयोग झाला नाही.

का नाही झाला? क्रिप्टोची मादी अंडी कुठे घालते, त्यात याचं उत्तर आहे. तिला लागतो पिठ्या ढेकणाचा तो पांढरा, मेणकट कापूस. पिठ्या ढेकणाची मादी आपली अंडी ज्या कापसासारख्या पुंजक्यात ठेवते, त्यातच क्रिप्टोची मादी आपलं अंडं सारते. पिल्लू बाहेर आलं की अन्न तोंडाशीच. हिरव्या खवले किडीला तो कापूसच नसतो, तिची अंडी तिच्या स्वतःच्या चपट्या शरीराखाली दडलेली असतात. क्रिप्टोला पोटाला थोडंफार मिळेल, पण घर मांडायला जागा नाही. आणि ज्याला संसार थाटता येत नाही तो पाहुणा किती दिवस राहणार?

दुसरं कारण मुंग्या. चिकटा हे मुंग्यांचं गोडधोड. तो मिळावा म्हणून त्या खवले किडीची राखण करतात, ढालकिडा आला की त्याला हुसकावतात. आज कॉफीच्या मळ्यातही आणि आपल्या द्राक्षबागेतही मित्रकीटक सोडण्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, असं सांगतात ते याच्यासाठी.

मग हिरव्या खवले किडीला आवर कोण घालतं? तर पावसाळ्यातली एक पांढरी बुरशी. किडीच्या कडेने पांढरं वलय दिसतं म्हणून ती ओळखू येते. तिचं जुनं नाव व्हर्टिसिलियम लेकॅनी. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात ‘व्हर्टिसिलियम’ म्हणून जी पुडी मिळते, ती हीच. म्हणजे मळेवाले समुद्रापलीकडून मदत मागवत होते आणि कामाची मदत त्यांच्याच मळ्यात, दर पावसाळ्यात, पानामागे वाढत होती.

दुसरा जन्म

क्रिप्टो मात्र मेला नाही. त्या डोंगरांत त्याने स्वतःच आपलं अन्न शोधलं. कॉफीवर, संत्र्यावर, पेरूवर पिठ्या ढेकूण होताच. तिथे तो रुजला आणि पिढ्यान् पिढ्या राहिला. आपल्याला त्याची किंमत कळायला मात्र पुष्कळ वर्षं जावी लागली.

मधल्या काळात काय झालं? १९३९मध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधला, १९४८मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फवारा आणि कीड मेली, एवढं सोपं औषध हातात आल्यावर ढालकिड्यांची वाट कोण बघणार? पण फवारणीने कीड मरते तसा तिला खाणाराही मरतो, आणि पुन्हा वाढायच्या शर्यतीत कीड बहुतेक वेळा पुढे असते. पिठ्या ढेकणाला तर अंगावरच्या मेणाचं चिलखतच असतं. शिवाय तो द्राक्षवेलीच्या सुट्या सालीखाली लपतो. औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, ढालकिड्यापर्यंत मात्र नक्की पोचतं.

म्हणून हळूहळू पुन्हा मित्रकीटकांकडे लक्ष वळलं. १९५७मध्ये बंगळूरला राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचं केंद्र सुरू झालं. १९७७मध्ये अखिल भारतीय समन्वित जैविक नियंत्रण प्रकल्प सुरू झाला, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात, म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली, त्याचं एक केंद्र चालत आलं. १९८३मध्ये कॉफी आणि संत्र्यावरच्या पिठ्या ढेकणासाठी वेस्ट इंडीजमधून लेप्टोमॅस्टिक्स डॅक्टिलोपी ही एक चिमुकली गांधीलमाशी आणली गेली. ही पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू त्याला आतून संपवतं. कर्नाटकात जिथे कॉफी आणि संत्री एकत्र लावतात, तिथे ती छान रुजली.

या वेळी चूक झाली नाही, कारण कुठला पिठ्या ढेकूण, कुठल्या जातीचा, हे आधी नीट ठरवलं होतं. तिचं गिऱ्हाईक एकच, प्लॅनोकॉकस सिट्री. दुसरा पिठ्या ढेकूण समोर ठेवला तर तिचा उपयोग नाही.

क्रिप्टोचंही आता पद्धतशीर उत्पादन होऊ लागलं. कसं करतात माहीत आहे? लाल भोपळ्यावर. भोपळे पिंजऱ्यात ठेवायचे, त्यांच्यावर आधी पिठ्या ढेकूण वाढवायचा, मग त्यावर ढालकिडे सोडायचे. साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार. लहानपणी आपण म्हातारीला भोपळ्यात बसवलं, शास्त्रज्ञांनी ढालकिड्याला भोपळ्यावर बसवलं, एवढाच फरक. तिथून हे ढालकिडे द्राक्ष, सीताफळ, डाळिंब, पेरू अशा बागांत गेले.

आणि एक वर्तुळही पूर्ण झालं. १९९०च्या दशकात गुलाबी पिठ्या ढेकूण, आपल्या जास्वंदीवरचाच, कॅरिबियन बेटांवर पोचला आणि ग्रेनाडा, त्रिनिदाद इथे त्याने हाहाकार उडवला. तेव्हा क्रिप्टो तिथे कुठून गेला? भारतातून. ज्या वेस्ट इंडीजमधून आपण गांधीलमाशी मागवली होती, तिथेच आपण ढालकिडे पाठवले. कॉफीसाठी आलेला नापास पाहुणा तोवर आपल्या घरचा झाला होता.

महाराष्ट्राने शिकवलेले दोन धडे

पहिला धडा उसाचा. २००२च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. बघता बघता कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर करत पसरला. पानांखाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी. ऊस एकदा डोक्यावर गेला की त्यात शिरून फवारणार कोण? शेतकरी आणि कारखाने, दोघेही हवालदिल. पण शेतात नीट पाहिल्यावर दिसलं, की लोकरी माव्याच्या पाठोपाठ त्याला खाणारे आलेलेच आहेत. डायफा, ज्याला आपल्याकडे कोनोबाथ्रा नावानेही ओळखतात, त्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस. दोघेही इथलेच. मग हे मित्रकीटक असलेली पानं एका शेतातून दुसऱ्या शेतात नेणं, शेडनेटमध्ये त्यांना वाढवणं, आणि जिथे ते दिसतात तिथे फवारणी थांबवणं, अशी मोहीम झाली. कीड नवी असली तरी वैरी दर वेळी परदेशातूनच आणावा लागतो असं नाही, हे त्या वर्षांनी दाखवलं.

दुसरा धडा पपईचा. २००८मध्ये कोइमतूरला एक नवा पिठ्या ढेकूण सापडला, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. २०१०पर्यंत तो पुण्यातही आला. पपई, तुती, जास्वंद, दिसेल त्यावर. इथे देशी मित्रकीटक आणि क्रिप्टो काही प्रमाणात कामाला आले, पण पुरे पडेनात. मात्र शास्त्रज्ञांनी किडीचं नेमकं नाव लवकर निश्चित केलं होतं, पॅराकॉकस मार्जिनॅटस. नाव कळलं म्हणून तिचा मायदेश कळला, आणि मायदेश कळला म्हणून तिचा वैरीही कळला. २०१०मध्येच पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी आणि तिच्या जोडीने आणखी दोन परोपजीवी गांधीलमाश्या बंगळूरला आणल्या, तिथे बंदिस्त जागेत तपासल्या आणि मग सोडल्या. थोड्याच काळात पपईच्या बागा सावरल्या.

१७९५ आणि २०१० शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या वेळी नाव चुकलं आणि सव्वाशे वर्षं गेली. दुसऱ्या वेळी नाव बरोबर होतं आणि काम काही महिन्यांत मार्गी लागलं.

पण धोका नाही का?

हा प्रश्न अशा व्याख्यानात हमखास येतो, आणि यायलाच हवा. परदेशी कीटक आणून सोडायचा म्हणजे बाटलीतलं भूत बाहेर काढण्यासारखं नाही का? तो उद्या आपलं पीक खायला लागला तर?

याचंही उदाहरण पुण्याजवळचंच आहे. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकात, पुण्यात. त्याच्यासाठी १९८३मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगा आणला. काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि एकच गदारोळ उठला. भुंगे सोडणं थांबवावं लागलं, समिती नेमली गेली. पुढच्या अभ्यासांतून दिसलं, की सूर्यफूल हे काही त्याचं खरं अन्न नव्हे. पण तेव्हा शंका घेणारे शेतकरी चुकीचे होते, असं आपण म्हणणार नाही. उभं पीक त्यांचं होतं, विचारायचा हक्कही त्यांचाच. म्हणून तर आज कुठलाही कीटक बाहेरून आणायचा तर परवानगी, विलगीकरण आणि तो आणखी काय काय खातो याची तपासणी, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. हा उशीर सोसायलाच हवा. आणलेला कीटक परत पाठवता येत नाही.

शेवटी पुन्हा जास्वंद

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. क्रिप्टो पहिल्या कामात नापास झाला, कारण आपण त्याला चुकीच्या घरी पाठवलं होतं. दुसऱ्या कामात तो पास झाला, कारण बरोबर घर त्याने स्वतः शोधलं आणि आपण उशिरा का होईना, ते ओळखलं.

पण ओळखण्यातली चूक अजून संपलेली नाही, बरं का. क्रिप्टोची अळी कशी दिसते? हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी! अंगभर पांढऱ्या मेणाचे धागे, फक्त आकाराने मोठी. हा वेश बहुधा मुंग्यांना चकवण्यासाठी असावा. मुंग्या फसतात की नाही ते सोडा, माणसं मात्र नक्की फसतात. ढालकिडे सोडलेल्या बागेत पंधरा दिवसांनी मालक फेरी मारतो, त्याला ‘आणखी मोठे मिलीबग’ दिसतात, आणि तो घाईघाईने पंप भरतो. पैसे देऊन आणलेले मित्र स्वतःच्या हाताने मारतो, वर औषधाचा खर्च वेगळा. नीलसनने जी चूक कलकत्त्यात केली, तीच आपण बागेत करतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढंच करा. जास्वंदीवर पांढरं काही दिसलं तर लगेच स्प्रेची बाटली उचलू नका. आधी भिंग घ्या, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. अंगावरचे धागे आखूड असतील, एका जागी गर्दी करून बसले असतील आणि भोवती मुंग्या असतील, तर तो पिठ्या ढेकूण. जरा मोठा, लांब लांब धाग्यांचा, एकटा आणि काडीने डिवचल्यावर चटचट चालणारा असेल, तर तो आपला पाहुणा असू शकतो. त्याला राहू द्या. ऑस्ट्रेलियातून निघून कॉफीच्या मळ्यात वाट चुकलेला हा पाहुणा कात्रजच्या तिसऱ्या मजल्यावर पोचला असेल, तर निदान आपण तरी त्याला ओळखायला हवं.